दुसऱ्या सीझनमधली पार्वताबाई

अमरावती
२२ सप्टेंबर २०२४

ती. सौ. आईस,
रश्मीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

काल बाबांनी स्टँडवर डबा दिला. अंबाडीची भाजी खोलीपर्यंत पोचलीच नाही. साधनानं आणि मी ऑटोतच झाकण उघडलं. साधना म्हणजे माझ्या खोलीतली, चांदूर बाजारची. तिनं तुला जयभीम सांगितलाय, आणि पुढच्या वेळी भाकरी दोन जास्त घाल असंही सांगितलंय.

फोन घरी ठेवून आले त्याचा पस्तावा नाही. मागच्या वेळी पूर्वपरीक्षा दोन गुणांनी हुकली, ती कशामुळे हे माझं मला माहीत आहे. बाबांची ड्यूटी अकोला-अमरावती गाडीवर आहे तोवर आपलं टपालही बरं चालेल. तू फक्त लिहिण्याचा आळस करू नकोस.

एक बातमी आहे. आपल्या मालिकेचा दुसरा सीझन आलाय. यात गाव नवं, माणसं नवी, खूनही नवा. धरणावरची ती वसाहत नाही, आपल्या इन्स्पेक्टरबाई नाहीत, पहिल्याशी काडीचा संबंध नाही. ऐकून मला कसंतरीच झालं. रविवारची दुपार, पलंगावर तू आणि मी, मध्ये मुरमुऱ्यांचं ताट, आणि तिसऱ्याच भागात तू कंपाउंडरला पकडलंस, त्याच्या पायात नवी चप्पल आहे एवढ्यावरून. पोलिसांना आठवा भाग लागला.

आधी मनात आलं, तुला बजावावं की माझ्याशिवाय पाहायचा नाही. पण माझी परीक्षा डिसेंबरात. तू तोवर का थांबावं? तेव्हा तू पाहा, आणि पाहण्यासारखा आहे का ते कळव. नुसतं ‘बरा आहे’ लिहून भागणार नाही. कोण, कुठं, काय, सगळं लिही.

बाबांच्या गुडघ्याला तेल लावत जा. तुझी माया डब्यातून येते तशीच येत राहो.

तुझी
रश्मी


कौलखेड, अकोला
१ ऑक्टोबर २०२४

चि. रश्मीस,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र बाबांनी तिकिटाच्या मशीनसोबत पिशवीतून आणलं. घरी देताना मला म्हणाले की, या टपालाचंही अर्धं तिकीट फाडायला पाहिजे. आमच्या अंगणवाडीचं छत गळायचं थांबलं आहे. लेकरं तुझी आठवण काढतात, विशेषतः ती जी तुझ्या पाठीवर बसायची.

तू सांगितलंस म्हणून पहिला भाग पाहिला. गाव नदीकाठचं आहे, बाळापूरसारखं, मागे किल्ला दिसतो. तिथं पार्वताबाई नावाची बाई खानावळ चालवते. एका दुपारी गॅसवर वरण तसंच ठेवून ती घराबाहेर पडते आणि परत येत नाही. दारात चपला नाहीत, म्हणजे घालून गेली. चाळीस डबे भरायचे राहिले. कोणी म्हणतं नवऱ्यानंच काही केलं, कोणी म्हणतं नदीत पाहा. तपासाला खुशालराव नावाचे म्हातारे फौजदार आलेत. त्यांना कशाची घाई नाही. घरात शिरल्यावर त्यांनी आधी गॅस बंद केला आणि मग नाव विचारलं. मला माणूस आवडला.

पाहण्यासारखा आहे का, ते एका भागावरून कसं सांगू? बाई मात्र मनात बसली आहे.

जेवण टाळू नको. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी
आई


अमरावती
१७ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. आईस,
रश्मीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी मेसमध्ये वाचून दाखवलं. आता पाच मुली बाबांच्या गाडीची वाट पाहतात. साधनाचं ठाम मत आहे की नवऱ्यानंच मारलं. माझा संशय डबे पोचवणाऱ्या माणसावर आहे. मालिका पाहण्यापेक्षा तू लिहितेस तेच बरं, असं एकीनं म्हटलं, आणि मी उगाच भाव खाल्ला.

दिवाळीच्या सुट्टीत यायला जमणार नाही. अभ्यास चांगला चाललाय, काळजी करू नकोस. मावशी आणि मामा विचारतील, त्यांना सांग की पोरगी बिझी आहे.

आणि हो, पार्वताबाईला मुलंबाळं आहेत का? ते तू लिहिलंच नाहीस. पुढचं लवकर लिही, मला रागवायला लावू नकोस.

तुझी
रश्मी


कौलखेड, अकोला
५ नोव्हेंबर २०२४

चि. रश्मीस,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मामा येऊन गेले. पोरगी बिझी आहे असं सांगितलं. बाबांनी सुट्टी न घेता गाडीच केली. घरी बसून काय करू म्हणाले.

तू विचारलंस म्हणून लिहिते. पार्वताबाईला एक मुलगी आहे, बाहेरगावी शिकते. तिसऱ्या भागात ते कळतं. खुशालरावांना तिच्या खोलीत काही सापडत नाही. पलंगावरची चादर फक्त तशीच आहे, मुलगी गेली त्या दिवशीची, चुरगळलेली. ती त्यांनी सरळ केली नाही. नवऱ्याचं म्हणशील तर तो साधा माणूस आहे, गुडघ्यानं अधू. साधनाला सांग की त्यानं काही केलेलं नाही.

चौथ्या भागात स्टँडवरचा चहावाला नत्थुजी साक्ष देतो. पार्वताबाई दर मंगळवारी तिथं यायची. बाकावर तासभर बसायची. मुलीच्या गावची गाडी लागायची, भरायची, सुटायची. ही काही चढायची नाही. गाडी वळणाआड गेली की उठून घरी. काय करता म्हणून तिला कधी कोणी विचारलं नाही. नत्थुजीनंही नाही, आणि ते सांगताना त्याची मान खाली जाते.

मधले भाग जरा संथ आहेत. पण पाहवतं.

थंडी पडते आहे, मफलर पाठवला आहे. लोभ आहेच, त्याची काळजी नको.

तुझी
आई


अमरावती
४ डिसेंबर २०२४

ती. सौ. आईस,
रश्मीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

रविवारी परीक्षा झाली. पहिला पेपर चांगला गेला. दुसऱ्याचं मला सांगता येत नाही.

संध्याकाळी साधनाच्या फोनवर आम्ही आपला दुसरा सीझन लावला. म्हटलं, पार्वताबाईला एकदा डोळ्यांनी पाहू. दोन भाग पाहिले. त्यात नदी नाही, किल्ला नाही. डोंगरावरचं मोठं हॉटेल आहे, बर्फ पडतो, सगळे एकमेकांना शिव्या देतात, आणि वरण कोणी रांधत नाही. मला वाटलं, सीझन चुकला. साधनानं दोनदा तपासून पाहिलं, आणि मग ती माझ्याकडे पाहतच राहिली.

काल स्टँडवर बाबांना सहज विचारलं. ते म्हणाले, “टीव्ही? तू गेली तवापासून त्याच्यावर चादर हाय.” पुढचंही त्यांनी मी न विचारता सांगितलं. “अन् दर मंगळवारी तुही माय स्टँडवर येऊन बसते. म्या म्हणलं काहून, तं म्हणे डबा द्याले आली.”

आई, डबा तर बाबा सकाळी घरूनच घेऊन निघतात.

मी रागावलेली नाही. मीही तुला खोटं लिहिलं होतं. दिवाळीत अभ्यास काही चांगला चालला नव्हता. यंदाही नाही झालं तर मामांसमोर कोणत्या तोंडानं बसू, म्हणून आले नाही. पण तू हे का केलंस, ते लिही. पत्र येईपर्यंत मी खोलीत थांबून आहे.

तुझी
रशू


कौलखेड, अकोला
६ डिसेंबर २०२४

चि. रशू,
आईचे आशीर्वाद.

सकाळी पुतळ्याजवळ अभिवादनाले जाऊन आली, अन् तशीच लिहाले बसली. आता तुले सारं कळलंच हाय, तं पुस्तकी लिहीत नाही. जशी बोलतो तशीच लिहितो.

टीव्ही लावला होता म्या. तुहं पहिलं पत्र आलं त्याच रविवारी, मुरमुरे घेऊन बसली होती. तेच हॉटेल, तोच बर्फ. दहाव्या मिनिटाले एक माणूस मेलेला निघाला. त्याच्या घड्याळाचा पट्टा उलटा बांधलेला होता. म्या म्हणलं, “रशू, पट्टा पाय.” अन् बाजूले पाह्यलं.

मंग बंद केला.

तुले हे लिहिलं असतं तं तू तिथं रडत बसली असती. पाहण्यासारखा नाही, असं एका ओळीत लिहिलं असतं, तं पुढच्या पत्रात काय लिहू? माह्याजवळ तशा बातम्या किती असतात? अंगणवाडीत रोज वीस लेकरायले गोष्ट सांगतो, तं आपल्या एकीले सांगाले काय जड, असं वाटलं. पण मंग ते बाई मले सोडेचना.

शेवटचा भाग राहिला, तो सांगतो. पार्वताबाईले कोणी मारलं नाही. मंगळवार होता. वरण शिजून राहिलं होतं, अन् तिले एकदम वाटलं, आज चढावं. नवऱ्याच्या गाडीत नाही बसली, मूर्तिजापूरच्या गाडीत बसली, तिथून दुसरी धरली. अमरावतीले ऑटो करून लेकीच्या अभ्यासिकेपाशी उतरली. समोर रसवंतीचं बाकडं होतं, त्याच्यावर बसली. खिडकीतून पोरगी दिसत होती. अंगात निळा कुर्ता, वेणी समोर घेतलेली, पेन्सिल चावून राहिली होती. हाक मारावं वाटलं. पण हाक मारली असती तं पोरगी उठली असती, अन् तिचा सारा दिवस गेला असता. म्हणून म्या अर्धा तास नुसतं पाह्यलं अन् परत आली.

तारीख बारा नोव्हेंबर. आधी गोष्टीत लिहिलं, मंग तसंच केलं, याची मले आता लाज वाटते. गॅस मात्र म्या बंद करून गेली होती.

रागावू नको. परीक्षेचं जे होईल ते होऊ दे, मामाले मी पाहून घेतो.

तुही
आई


अमरावती
१० डिसेंबर २०२४

ती. आईस,
जयभीम.

निळा कुर्ता होता. मला आठवत नव्हतं, साधनाला आठवलं.

त्या दिवशी मी अभ्यास करत नव्हते. दुपारभर एकच पान समोर होतं आणि मी घरी जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा मोजत होते. तू हाक मारायला पाहिजे होतीस.

तुझं हे पत्र मी मुलींना वाचून दाखवलं नाही. त्यांना एवढंच सांगितलं की पार्वताबाई जिवंत आहे. साधना रडली, आणि वर म्हणाली की मग हा गुन्ह्याचा सीझन कसला.

शनिवारी बाबांच्या दुपारच्या गाडीनं येते. मुख्य परीक्षेची पुस्तकं सोबत आणते. निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर माझ्याच पलंगावर बसून वाचीन. तुझ्या प्रश्नाचं, म्हणजे माझ्याच प्रश्नाचं उत्तर असं की दुसरा सीझन पाहण्यासारखा नाही. तिसराही आलाय, आणि तो त्याहून वाईट आहे म्हणतात.

दोन्ही पाहू.

तुझी
रशू