सहा मिलिमीटरचं पिल्लू

४ फेब्रुवारी, रविवार

केतकीचे फोटो आले! भावाची ही मुलगी महिनाभर लक्षद्वीपच्या एका बेटावर आहे — समुद्री गोगलगाई शोधायला. शंख नसलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या. किती प्रकारच्या सापडतात त्याची यादी करायची. अहवालासाठी चित्रं मी काढायची. एकतीस वर्षं कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात विमानाचे सुटे भाग काढले, आता हे. जे. पी. नगरात टेबलाशी बसून समुद्र!

कल्ले पाठीवर, तेही फुलासारखे उघडे. श्वास घ्यायची ही काय तऱ्हा!

६ फेब्रुवारी

आज निळी काढायला घेतली. पिवळी कड, डोक्यावर दोन नारिंगी शिंगं. फोटो दोन आहेत — एक तीन सेंटिमीटरची मोठी, आणि एक सहा मिलिमीटरचं तिचं पिल्लू. पिल्लू काढताना हात अडला. मोठीच्या कल्ल्यांना टोकाशी फाटे आहेत. याच्या नाहीत. साधे, गवताच्या पात्यासारखे.

नंतर फुटत असतील? पण पिवळी कडसुद्धा शेपटीपाशी तुटलीय.

७ फेब्रुवारी

केतकीला फोन केला. "अगं आत्या, लहानपणी असतं तसं. वाढलं की सगळं येतं." आवाजात घाई. म्हटलं, मधल्या आकाराची एखादी दाखव ना, अर्धे फाटे फुटलेली. तशी सापडलीच नाही म्हणे. "तू दिसतं तेवढं काढ ना. ओळखायचं काम माझं."

बरोबरच आहे तिचं. तरी लागलं. मग पेन्सिल हातातच घेतली नाही.

गुरुप्रसाद कॉफी घेऊन आले. "स्वल्प आराम कर. तुला कुठे परीक्षा द्यायचीय?" कानडी नवऱ्याला काय सांगू — दिसतंय तेच तर काढतेय मी!

९ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या नागराजकडून दोन्ही फोटो मोठे छापून आणले. एकाच मापाचे. त्याने ते काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि बघतच राहिला. "अक्का, हूवा?" फूल नाही, प्राणी आहे म्हटलं. परत वाकून पाहिलं आणि कानडीतच म्हणाला, "एरडू बेरे बेरे." दोन्ही वेगळे!

त्याला कुणी सांगितलं नव्हतं ना, एक दुसऱ्याचं पिल्लू आहे म्हणून.

१० फेब्रुवारी

चित्रं पाठवली. दोन्ही एका मापात. खाली लिहिलं — दिसलं तेवढं काढलंय. मोठीच्या नऊच्या नऊ कल्ल्यांना फाटे, लहानाच्या एकालाही नाही.

संध्याकाळ झाली, उत्तर नाही. आगाऊपणा केला का मी?

११ फेब्रुवारी

केतकीचा फोन! रागावलेली नव्हती. उलट हळू बोलत होती. "आत्या, ते पिल्लू अजून जिवंत आहे. आज नमुना म्हणून अल्कोहोलमध्ये घालणार होते." चार दिवस थांबशील का, विचारलं. गुरुवारी तिची परतीची बोट आहे. तोवर डब्यातलं पाणी बदलत राहीन म्हणाली.

खायला काय देणार? "ज्या स्पंजवर सापडलं, त्याचाच तुकडा." असतं काय काय एकेक!

"पण आशा ठेवू नकोस हं. चार दिवसांत कितीसं वाढणार?"

१३ फेब्रुवारी

आहे तेवढंच आहे. सहा मिलिमीटर.

१४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी सात दहाला फोटो आला. डब्याच्या भिंतीला चिकटलेली एक पांढरी फीत, गोल गोल गुंडाळलेली. अंडी! डब्यात ते एकटंच आहे. पिल्लू कसलं!

खाली केतकीने लिहिलंय — "आत्या, आजवर मी पिल्लू म्हणून यादीतून वगळलेले सगळे फोटो पाठवतेय. त्रेसष्ट आहेत."