पेलिंगसाहेब तळ्यावर आले

स्लेडिक फेन,
गुरुवार, १७ नोव्हेंबर १८८७

प्रिय थर्झा,

तुझं पत्र मागच्या आठवड्यातच मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण तुझ्या आईने ते तीनदा वाचलं आणि पिठाच्या डब्यामागे ठेवून दिलं. ती रागावली की असंच करते, तुला ठाऊक आहे. बाकी आमचं छान चाललंय. थंडी पडली, खालच्या कुरणात पाणी चढलं, शेजारच्या डॅकची बायको बाळंत झाली आणि चौथीही मुलगीच. डॅक म्हणतो, "नावं संपली रे बाबा, आता वारांची नावं ठेवतो." माझा गुडघा ओल्या हवेत कुरकुरतो, पण ते दुखणं काय आजचं आहे!

तू लिहिलंयस की तुझ्या नि एडमंडच्या लग्नाला लिंकन शहरातली बडी माणसं येतील, आणि कोणी विचारलंच तर मी हॅविलंडसाहेबांच्या इस्टेटीवरच्या सगळ्या पाण्याचा व्यवस्थापक आहे, हाताखाली माणसं आहेत, असं सांगावं. एडमंडच्या घरी तू तसंच सांगून ठेवलंयस. शिवाय हातमोजे घालावेत, चर्चमध्येसुद्धा काढू नयेत. तुझी आई म्हणाली, "मोजे घातले की बाप बदलतो होय?" मी मात्र लगेच हो म्हटलं. खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. तुझ्या शाळेतल्या त्या बाया तुला विचारतात ना, की फेनच्या दलदलीतल्या माणसांच्या पायाला बदकासारखे पडदे असतात का म्हणून? हसत हसत तू काय काय गिळलं असशील ते मला कळतं. लेकीसाठी एक दिवस व्यवस्थापक व्हायला माझं काय जातंय, म्हटलं. रोज सकाळी तळ्यावर जाताना मी सरावही करायचो. आपल्या नेटल कुत्रीला ऐटीत हुकूम सोडायचो, "ए, माणसांना कामाला लाव!" ती बिचारी शेपूट हलवायची.

तर परवा मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला दारात भाड्याची घोडागाडी थांबली आणि उंच टोपीवाले एक गृहस्थ खाली उतरले. तेच तुझे होणारे सासरे, पेलिंग वकील. इथल्या बॉस्टन गावातलं काम लवकर आटोपलं म्हणून व्याह्यांना भेटायला आले. ना पत्र, ना तार. तुझी आई कोपरापर्यंत पिसांत बुडालेली, मी दारातच ईल मासे सोलत बसलेलो. मी हात पाठीमागे लपवले आणि मान लववली. आईने त्यांना चुलीजवळची खुर्ची दिली, ईल भरून भाजलेली पाई वाढली, ती त्यांनी दोनदा मागून घेतली. माणूस खाण्यात बरा आहे, हे आईने नंतर कबूल केलं. जेवता जेवता ते म्हणाले, "तुमची माणसं दिसत नाहीत, स्पिंक." मी म्हटलं, "कामावर आहेत." "किती आहेत?" माझी नजर नेटलकडे गेली. म्हटलं, "सध्या एकच आहे, पण सगळ्यांना पुरून उरतो." तुझी आई पाठ फिरवून खोकली. तो खोकला नव्हता.

मग त्यांनी तळं बघायचं काढलं. मी काय नाही म्हणणार? त्या सकाळी तळ्यावर दीड हजारांच्या आसपास पक्षी उतरलेले होते, या मोसमातला सगळ्यात मोठा थवा. वाऱ्याची दिशाही बदकं धरायच्या उत्तरेच्या नळीला अगदी जुळलेली. मला वाटलं, दाखवू या की एकदा, काम कसं होतं ते.

तू सहा वर्षांची असताना तुला पहिल्यांदा तिथे नेलं होतं, आठवतं? तळ्यातून निघालेला तो वाकडा चर, म्हणजे नळी, वरून जाळं घातलेला, शेवटाकडे अरुंद होत गेलेला. आणि काठाने बोरूचे कूड, एकाआड एक. नेटलची आजी एका कुडामागून निघायची, दुसऱ्यामागे गडप व्हायची आणि बदकं तिच्या तांबड्या शेपटीमागे पोहत पोहत नळीत शिरायची. तू विचारलंस, "बाबा, ती तिच्यामागे का जातात?" मी म्हटलं, "चौकसपणा, पोरी. दिसलं आणि नाहीसं झालं की जीव राहत नाही." तुझ्या हातात मी पीटचं, आपल्या त्या जळणाच्या वाळल्या दलदलमातीचं, धुमसतं ढेकूळ दिलं होतं, चुलीतलंच. वारा आपल्याकडून बदकांकडे जातो, त्यामुळे माणसाच्या श्वासाचा वास त्यांना लागतो. तोंडासमोर धूर धरला तरच आपण त्यांच्या लेखी नसतो. तुझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण तू शिंकली नाहीस. त्या दिवशी मी आईला सांगितलं होतं, पोरगी माझ्यावर गेलीय.

हा नियम सगळ्यांना सारखा. माझ्या वडिलांनी एका बिशपच्या हातात ढेकूळ दिलं होतं. हॅविलंडसाहेबांचे कॅप्टन भाऊ म्हणाले, "ही घाण मी धरू?" तेव्हा मी म्हटलं होतं, "नाहीतर घरी जाऊन शेकत बसा, साहेब. इथे बदकांचं राज्य आहे." त्यांनी मुकाट्याने धरलं. तीस वर्षांत मी कुणाला सोडलं नाही.

आणि परवा, थर्झे, मी पेलिंगसाहेबांना सोडलं. चुलीपाशी वाकलो, चिमटा हातात घेतला, आणि त्यांच्या त्या पांढऱ्या कॉलरकडे, विंचरलेल्या मिशांकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसाला म्हणू, हे जळकं ढेकूळ तोंडाशी धरा आणि माझ्यामागे गुडघ्यांत वाकून चला? बरं, मग मी स्वतः तरी धरायचं! पण व्यवस्थापक कुठे ढेकूळ घेऊन फिरतो? चिमटा ठेवला आणि रिकाम्या हाताने निघालो. आईने दारातून हाक मारली, "अहो, पीट!" मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

नेटलने तिचं काम चोख केलं. पन्नासेक बदकं नळीच्या तोंडाशी आली होती, माना उंच करून. आणि मग पुढच्या एका जुन्या मादीने आमच्या बाजूला चोच वळवली. एवढंच. पुढच्या क्षणाला तळं उठलं. सगळं. दीड हजार पक्षी एकदम! त्या आवाजाने कुडाचे बोरू थरथरले, आभाळ काळं झालं. मिनिटभरात तळ्यावर फक्त लाटा आणि पिसं. आता आठ-दहा दिवस एक पक्षी उतरायचा नाही. असा प्रकार माझ्या वडिलांच्या हातून आयुष्यात एकदाच झाला होता, तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते.

पेलिंगसाहेबांनी टोपी काढली आणि टाळ्या वाजवल्या! "वाहवा, स्पिंक! काय देखावा! रोज असे उडवता का हो?" आणि मी, गाढव, म्हणालो, "रोज नाही. खास पाहुण्यांसाठी." ते इतके खूश झाले की परत येताना सबंध वाट तेच. लग्नात सगळ्यांना सांगणार, म्हणे, आमचे व्याही हाताच्या इशाऱ्याने आभाळ भरून टाकतात. नेटल आमच्या पुढे मान खाली घालून चालत होती, एकदाही मागे वळून पाहिलं नाही तिने. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. कुणी शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. माझ्या नाकर्तेपणाला टाळ्या पडल्या, ते सोसवेना.

गाडीत पाय ठेवणार तेवढ्यात मी त्यांना थांबवलं आणि सगळं ओकलो. म्हटलं, साहेब, मी कसला व्यवस्थापक नाही, मी बदकं धरतो, माझ्या बापाने धरली, आज्याने धरली. माझ्या हाताखाली हे कुत्रं. आणि तुम्ही पाहिलात तो देखावा नव्हता, फजिती होती, तुम्हाला ढेकूळ द्यायला लाजलो म्हणून झालेली. त्यांचा चेहरा कोर्टातल्यासारखा झाला. त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही बाप-लेकीने मला बनवलंत." मी म्हटलं, "हो." "आणि ते ढेकूळ दिलं असतंत तर?" "तर तुम्ही पन्नास बदकं जाळ्यात जाताना पाहिली असती. मिशा मात्र काळ्या झाल्या असत्या." त्यावर ते चिडूनच म्हणाले, "मग सांगायचं होतंत ना, भल्या माणसा! मी काय मिठाचा आहे?" आणि गाडीत बसले.

तुला दिलेला शब्द मी मोडला, पोरी, त्याची माफी मागतो. बोललो त्याची मागत नाही. गाडी हलण्याआधी पेलिंगसाहेब एवढंच म्हणाले की एडमंडला ते अवाक्षर बोलणार नाहीत. रविवारी तू त्यांच्याकडे चहाला जाणार आहेस, तेव्हा तुझ्या तोंडून काय निघतं ते त्यांना ऐकायचंय. हे मी तुला कळवू नये असं काही ते म्हणाले नाहीत, म्हणून कळवतोय. आईने मघाशी पिठाच्या डब्यामागून तुझं पत्र काढून मला दिलं आणि म्हणाली, "लिहा आता, शनिवारपर्यंत पोचलं पाहिजे." तेव्हा रविवारी चहा ओतायच्या आत सांगून टाक. आवाज कापला तरी चालेल. ते रागावले, तर आपलं घर इथे आहे आणि तुझी खोली आईने कालच झाडून ठेवलीय. नाही रागावले, तर तारीख कळव. मी येईन, मोज्यांशिवाय, आणि तुझा हात धरून वेदीपर्यंत चालेन.

तुझाच, बदकं धरणारा,
बाप
जॅबेझ स्पिंक