वन्समोअरमुळे वाढलेला टँकर

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, जि. बीड.

अर्जदार : उत्तरेश्वर बाबुराव तौर, नाट्य व मालिका कलावंत (निवृत्त), रा. निमवाडी.

विषय : मी मंजूर केलेले पाण्याचे दोन टँकर आपण खरे करून देणेबाबत.
संदर्भ : माझा तोंडी आदेश, मारुतीच्या पारावरून, परवा सकाळी.

महोदय,

सादर करतो की, नारायणगडाच्या जत्रेतल्या नाटकापासून मी सरकारी माणसेच करत आलो. शिपाई, हवालदार, तलाठी आणि शेवटी टीव्ही मालिकेत तहसीलदार. इतकी बढती मला खात्यात राहून मिळाली नसती. मालिका संपली, मी गावी आलो. पण गावाने मला पदमुक्त केले नाही.

२. यंदा हातपंपातून नुसती हवा येते. परवा पारावर जमलेल्या बायकांनी मालिकेतला माझा प्रसंग करून दाखवायला सांगितला. कलावंताला नाही म्हणता येत नाही. मी रिकामा हंडा पालथा घातला, त्यावर मूठ आपटली आणि म्हटले, “टँकर मंजूर. आत्ताच्या आत्ता.” हंडा चांगला वाजला. वन्समोअर आला, म्हणून रंगभूमीच्या रिवाजाप्रमाणे परत म्हटले. गावाने दोन टँकर धरले. तिसऱ्यांदा म्हटले असते तर जनावरांचेही भागले असते, अशी गुरे पाळणाऱ्या सुग्रीव यांची तक्रार आहे ती वेगळीच.

३. सहकारी दूध संस्थेचे चेअरमन राधाकिशन अप्पा यांनी तातडीची सभा घेऊन माझ्या अभिनंदनाचा ठराव केला. मी खुलासा करण्यास उभा राहिलो, तोवर त्यांनी माझ्या तोंडात पेढा घातला होता.

४. काल आपले तलाठी, गावाचा टँकरचा प्रस्ताव विचाराधीन आहे, असे सांगण्यास आले. गावाने त्यांना “आधी सायबाला विचारून बोला” म्हणून माझ्याकडे धाडले. त्यांनी मला नमस्कार केला. जुन्या सवयीने मी त्यांना बसा म्हटले नाही, त्याबद्दल दिलगीर आहे.

५. आता माझ्या अंगणात हंड्यांची रांग लागली असून मला घराबाहेर पडण्यास वाट नाही. हे सगळे नाटक होते, असे सांगून पाहिले. शेजारच्या बायनाबाई उंबऱ्यातच बसल्या आहेत. म्हणतात, “टीवीत तर लगीच सही करायचे, आमच्याच टायमाला हात कावून आखडता?” माझी पत्नी मुक्ताबाई हिला खरे काय ते ठाऊक आहे. तरी तिनेही घागर रांगेत लावली. म्हणाली, “जल्मात येकदा तरी खरं मंजूर करा.” म्हणून हा अर्ज लिहायला बसलो.

सबब विनंती की, प्रस्ताव मार्गी लावून निदान पहिला टँकर पाठवावा. वन्समोअरचा मागाहून आला तरी चालेल. तेही शक्य नसल्यास मला या गावी तहसीलदार म्हणून ठेवू नये. धरणाखालच्या एखाद्या गावी माझी तातडीने बदली करावी. मी एकटाच रुजू होईन. मुक्ताबाईचा रांगेत नंबर लागला आहे, ती तो सोडायला तयार नाही.

आपला समपदस्थ (केवळ पडद्यावरचा),
उत्तरेश्वर तौर
दि. १९ एप्रिल २०१३

सोबत : १) मालिकेतील छायाचित्र, खुर्चीसह. २) अभिनंदनाच्या ठरावाची नक्कल.