हळदी किनारीची खिडकी

३ नोव्हेंबर, सकाळी ७
कम्प्युटर लावला. सुमेधाची सामानाची यादी पुन्हा सगळ्यांच्या वर. दोन वर्षांपूर्वी तिनेच कटकट केली होती, तुमच्या खिडक्यांखाली माझी यादी दबून जाते जी. मग मी विंडो मॅनेजरला, म्हणजे स्क्रीनवरच्या खिडक्या मांडणाऱ्या प्रोग्रामला, नियम घातला: जिच्या नावात 'सुमेधा', ती खिडकी आपोआप उघडणार, सर्वांत वर राहणार. किनार हळदी. बंद करायचं बटन नाही.
आता सुमेधा नाही. नियम आहे.
वर्षश्राद्ध १९ला. आमची मुलगी श्रद्धा येणार. त्याआधी स्क्रीन स्वच्छ. रांझीच्या फॅक्टरीत तीस वर्षं ड्रॉइंग काढली, हे दहा मिनिटांचं काम.

५ नोव्हेंबर
किनार करडी केली. यादी आजारी दिसायला लागली. परत हळदी. तात्पुरती.

८ नोव्हेंबर
खिडकी नव्वद टक्के पारदर्शक केली. आता बातम्यांच्या आतून 'ह्यांचा चष्मा' वाचता येतं. भीती वाटली. इथे लिहायला हरकत नाही.

१० नोव्हेंबर
शेजारचा अनुपम म्हणाला, काका, फाईलच उडवून द्या ना, काहून इतकं करून राहिले. म्हटलं, ही अडाणी पद्धत. नियम बदलून यादी चौथ्या डेस्कटॉपवर, म्हणजे त्याच स्क्रीनच्या चौथ्या पानावर, पाठवली. तिथे मी जातच नाही.

११ नोव्हेंबर
जेवणापर्यंत चौथ्या डेस्कटॉपवर होतो. टेस्टिंग.

१५ नोव्हेंबर
गुरुजींच्या सामानाची फाईल केली. नाव दिलं 'सुमेधा वर्षश्राद्ध'. उघडताच हळदी किनार, आणि थेट चौथ्या डेस्कटॉपवर, यादीच्या शेजारी. बंद होईना. इकडे तीळ, दर्भ. तिकडे पोहे, ह्यांचा चष्मा. उठलो आणि स्वयंपाकघरात उगाच उभा राहिलो.

१८ नोव्हेंबर
नियम काढला. एकदम सोपं होतं. यादी साधी, मधोमध, कोपऱ्यात बंद करायचं बटन. श्रद्धा मागे उभी. मुद्दाम तिच्यासमोर दाबलं. मशीनने विचारलं, बदल सेव्ह करायचे का.
श्रद्धाने विचारलं, बाबा, कसले बदल? म्हटलं, व्हायरस असेल.
तिने खाली सरकवून पाहिलं. तिच्या आईच्या यादीखाली वर्षभराचं माझं. दूध आणलं. पोहे आणले. आज थंडी, तुझी शाल बाहेर काढली. चष्मा राहिला.
बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, चलो बाबा, डोळे दाखवून येऊ.

२४ नोव्हेंबर
श्रद्धा काल गेली. नियम परत घातला. तूर्त.
चष्मा आला. स्पष्ट दिसतं. यादीत 'चष्मा आणला' अजून लिहिलेलं नाही. तिची तेवढी एकच ओळ पुरी व्हायची उरली आहे.