वीस मिनिटांत मावणारी आई

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पाच अंगठे चोळले. पाचही उजवे! पूर्वी माझ्याकडे लोक कंबर घेऊन यायचे — भातलावणीची, होड्या ओढल्याची. आता अंगठे घेऊन येतात. नाहीतर माना. पासिंग, शेजारचं दुकान चालवते ती, उजवा हात माझ्या मांडीवर ठेवून डाव्या हाताने व्हिडिओ सरकवत होती. वर मलाच, सगळ्या गावाच्या आजीला, सांगते, "लोला मेडिंग, या फोनने तब्येत बिघडते असं खरंच कळलं ना, तर उद्या समुद्रात फेकीन!"

मी म्हटलं, "डावा अंगठा कधी आणतेस?"

"पुढच्या आठवड्यात येते," म्हणाली.

हसू नये. यांच्या अंगठ्यांवरच माझी चूल पेटते.

उद्या जेमला घेऊन इलोइलो शहरात, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. फळा दिसत नाही म्हणे. नऊ वर्षांची नात आणि फळा दिसत नाही! अभ्यास टाळायचं निमित्त, दुसरं काय.

४ फेब्रुवारी

निमित्त नव्हतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल लिहवेना. चष्म्याचा नंबर साडेसहा. मागच्या वर्षी चार होता. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा लहान. पण बोलली नीट. "असाच वाढत गेला तर डोळ्याचा आतला पडदा फाटायची भीती असते, लोला. काही घराण्यातूनच येतं, काही जवळ धरून बघण्याने वाढतं." तेवढ्यात जेम तिथेच, नाकाला फोन टेकवून! बाई म्हणाली, "फोन दिवसाला वीस मिनिटं. बाकी वेळ बाहेर, उजेडात."

मी ऐटीत म्हटलं, "एवढंच ना! आजपासून बंद." माझी ऐट बघण्यासारखी होती.

बसमध्ये जेमने विचारलं, "लोला, वीस मिनिटांत आई किती मावेल?"

याला डॉक्टरीणबाईने काही लिहून दिलेलं नाही.

रोझवी, माझी मुलगी, कुवेतला. लोकांच्या घरात कामाला. जेम दोन वर्षांची असल्यापासून. सुट्टीवर शेवटची आली त्याला चार वर्षं झाली. तिची मालकीण दुपारची लवंडते तेव्हा इकडे संध्याकाळचे साडेसहा. तेव्हापासून जेम फोन तांदळाच्या डब्याला टेकवून बसते. बोलतात असंही नाही. ती तिकडे इस्त्री करते, ही इकडे गृहपाठ. मध्येच फोनमधून ओरड — "जेम, पाठ सरळ!" तासभर, दीड तास. ही झाली आई. उरलेला दिवसभर नाचणाऱ्या मांजरी आणि नटव्या पोरी. तेही त्याच फोनमध्ये.

तो हातात दिला कुणी? मीच. अडीच वर्षांची होती, आईसाठी रडायची, जेवायची नाही. एक घास, एक मांजर. एक घास, एक मांजर. काय हुशार बाई मी! गावभर सांगत फिरले होते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तोडगा काढला. फोन नुसता कानाला लावायचा. चेहरा नको, डोळ्यांना त्रास नको. जेमने दोन मिनिटं ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला. "नुसत्या आवाजाची आई नको मला."

मांजरी मात्र तिने न भांडता सोडल्या. मुकाट्याने! मी रताळ्यासारखी खूश.

९ फेब्रुवारी, रविवार

आमच्या वॉर्डाचे निवडून आलेले प्रमुख, कप्तान डेल्फिन, यांनी आज 'फोनमुक्त रविवार' ठेवला. निमंत्रण फेसबुकवर. चर्चसमोरच्या चौकात दोनशे माणसं जमली आणि फोनशिवाय किती छान वाटतं याचे फोटो काढत राहिली. कप्तानांचं भाषण थेट प्रक्षेपित झालं. फादरनी आशीर्वाद द्यायला हात वर केला तर खिशातला फोन वाजला. त्यांनी तो घेतला. बिशपांचा होता म्हणे, काय करणार!

कप्तान मला म्हणाले, "लोला, तुमच्या नातीचं उदाहरण सांगू का सगळ्यांना? लोक हेलावतील."

मी म्हटलं, "आधी तुमची मान दाखवायला या. गेल्या महिन्यापेक्षा दोन बोटं पुढे आलीय."

१७ फेब्रुवारी, सोमवार

दहा दिवस! रोज वीस मिनिटं, घड्याळ लावून. त्यानंतर पोरगी आपणहून बाहेर जाते, दिवेलागण होऊन गेल्यावरच येते. सकाळीही शाळेआधी अर्धा तास बाहेर. कोण म्हणतं लोक सोडत नाहीत? धाक पाहिजे! पासिंगला ऐकवलं. ती मान डोलावून म्हणाली, "तुमच्यासारखी आजी सगळ्यांना मिळो." जरा जास्तच डोलावली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जेम बाहेर नव्हती. पासिंगच्या दुकानामागे होती. साबणाच्या खोक्यावर बसून, पासिंगचा फोन नाकाला लावून. आणि फोनमध्ये कोण? माझी कन्या! न्हाणीघरात दार लावून उभी, कुजबुजत. तीन जणी मिळून एका म्हातारीला फसवत होत्या!

पासिंगला विचारलं, "समुद्रात फेकणार होतीस ना?"

"लोला, पोर हात जोडून उभी राहिली. तुम्ही असता तर काय केलं असतं?"

मी असते तर! मी तर एक घास, एक मांजर.

रोझवीला मी नको ते बोलले. ती मात्र ओरडली नाही. "आई, तू तिला जेवू घालतेस. ताप आला की तूच बसतेस उशाशी. तिचा दात पडला तो तुझ्या हातात. मला एवढी एक खिडकी आहे. तीही मोजून देतेस?"

मी म्हटलं, "तिचे डोळे गेले तर खिडकीच्या या बाजूला कोण असेल?"

तिने फोन ठेवला. जेम माझ्याशी बोलत नाही. सुकट तळली होती, ताटात तशीच आहे.

२२ फेब्रुवारी

फोन आला नाही.

२३ फेब्रुवारी

आजही नाही. साडेसहाला दोघी तांदळाच्या डब्यासमोर बसून होतो. तांदळाकडे बघत.

२ मार्च, रविवार

रोझवीचा फोन. मला एकटीला. "मालकिणीला सांगितलं. ईस्टरच्या आधी येते. कायमची."

म्हटलं, "कराराचं एक वर्ष बाकी आहे. वरचं छप्पर अर्धं राहिलंय."

"राहू दे. तिच्या डोळ्यांना आईच बाधत असेल तर आईनेच उठून यायला हवं ना?"

मला म्हणायचं होतं, तुला नव्हतं गं म्हटलं तसं. तोंडातून निघालं — "येताना खजूर आण."

फोन कुणी सोडला नाही या गावात. कप्तानांनी नाही, फादरनी नाही, पासिंगने नाही, मीही नाही — कोरियन मालिकेचा एक भाग रोज बघतेच, लपून. सोडलं एकटीने, आणि तिने फोन नाही, भाकरीच सोडली.

१२ एप्रिल, शनिवार

आली! दारात तीन खोकी आणि एक बाई. जेम खांबाआड. माझ्या कानात म्हणाली, "आई एवढी बुटकी आहे?"

फ्रॉक आणले ते सगळे आखूड झाले. रोझवीने जवळ घ्यायला हात पुढे केले. जेमने त्या हातात शाळेचं प्रगतिपुस्तक दिलं. जेवताना दोघी माझ्याशी बोलत होत्या. माझ्याशीच!

१३ एप्रिल, रविवार

साडेसहाला रोझवीचा फोन वाजला. ती चुलीपाशी होती. जेमचा फोन — आतल्या खोलीतून. "आई, मला तुझ्याशी समोरून बोलता येत नाही. तू तिथूनच बोल ना, नेहमीसारखी." तेव्हापासून दोघी बोलताहेत. मध्ये फुलाफुलांचा एक पडदा आहे, हात लांबवला तर बाजूला होईल एवढाच. मी लांबवला नाही.