मागे बसणाऱ्याचं काम

मंगळवार, ३ डिसेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुझी आणि वहिनीची तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण ती बरी नसली तरी तू कबूल करणार नाहीस. आम्ही इकडे ठीक. तू मध्ये इतके फोन केलेस आणि मी एकही उचलला नाही, म्हणून फुगून बसला असशील. पण फोनचं काही खरं राहिलेलं नाही. नुसती खरखर. समोरचा माणूस तोंडात रुमाल कोंबून बोलतोय असं वाटतं. दोनदा कंपनीकडे तक्रार केली, दोन्ही वेळा तिथल्या मुलीने काय सांगितलं ते कळलं नाही. म्हणून म्हटलं, पूर्वीसारखं पत्रच लिहावं.

आधी रस्त्याचं सांगते. बाकीचं मग.

तू शेवटचा आलास तेव्हा आमच्या समोरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं होती. आता एकही नाही. रस्ता एवढा रुंद केलाय की पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस ओळखू येत नाही. म्हणजे ओळखू आला असता, पण फुटपाथच नाही. जिकडे तिकडे उंच इमारती, त्यात कचेऱ्या, आणि सकाळी त्या कचेऱ्यांत जाणारं सगळं गाव माझ्याच अंगावरून जातं. मध्यंतरी आम्हा सायकलवाल्यांसाठी म्हणून कडेने हिरवा पट्टा रंगवला, त्यावर सायकलचं चित्र काढलं. मी वेडी, हरखले. आठवडा झाला नाही तोच त्या चित्रावर कोणाची तरी गाडी उभी. आज त्या पट्ट्यावर चहाची टपरी आहे, वाळूचा ढीग आहे, आणि शेवटी तो सरळ जाऊन विजेच्या डब्याला धडकतो. ज्याने आखला त्याला एकदा सायकलवर बसवून त्या पट्ट्यावरून पळवायला हवं.

मोठ्या दुकानांत जावं तर वॉचमन हात आडवा करतो. चारचाकीला जागा, दुचाकीला जागा, सायकल म्हटलं की ‘बाहेर लावा’. बाहेर कुठे ते तो सांगत नाही. कोपऱ्यावरचा पंक्चरवालाही गेला, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. साधी हवा भरायची तर सायकल हातात धरून पुलापर्यंत जावं लागतं.

बरं, वस्तूही आता धड मिळत नाहीत. माझ्या सायकलची घंटी बिघडली. अंगठ्याने दाबते, दाबली जाते, पण वाजत नाही. पुलाजवळच्या दुकानात घेऊन गेले तर तो मिस्त्री घंटी दाबून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, वाजतेय की. मी म्हटलं, वाजत असती तर मी एवढी पायपीट केली असती का? नवीन घेतली, तीही तसलीच. सगळा पोकळ माल.

आणि आता त्या बॅटरीवरच्या बस आल्यात. मांजराच्या पावलांनी येतात. मागे कधी येऊन उभी राहिली ते कळत नाही, आणि ड्रायव्हर हॉर्न द्यायला तयार नसतात. पूर्वी निदान हॉर्न देऊन मारायचे.

दुकानात ठीक चाललंय. अजून मागच्या खोलीत काचा घासायला मीच. चष्म्याची फ्रेम कसलीही आणा, काच अशी बसवते की नखाएवढी फट राहायची नाही. मालक म्हणतात, आता ऑटोमॅटिक मशीन आणू, तुमच्या या काचा घासायच्या चक्कीच्या घरघरीने गिऱ्हाइकांचं डोकं उठतं. मला तर हल्ली ती घरघर जाणवतही नाही. सवय. अधूनमधून मला पुढे काउंटरवर बोलावतात, कोणी चष्मा लावायला लाजत असलं की. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आले, नंबर चांगला जाड आणि म्हणे नुसता वाचताना लावीन. मी चांगला समाचार घेतला त्यांचा. म्हटलं, चष्मा लावून कोणी म्हातारं होत नाही, न लावता जिन्यावरून गडगडलं की होतं. मुकाट्याने घेऊन गेले.

सूनबाई बरी आहे. फार पुटपुटते. भिंतीकडे तोंड करून बोलायचं आणि मग ‘सांगितलं होतं मी’ म्हणायचं. मुलगा कामात बुडालेला. टीव्हीचा आवाज कमी कर, कमी कर, एवढंच माझ्याशी बोलतो.

आता बाकीचं.

चिंगीचा हात मोडला. उजवा, मनगटाच्या वर. प्लास्टर घातलंय, घाबरण्यासारखं काही नाही. तुला ठाऊकच आहे, नातीला शाळेत मीच सोडते, कॅरिअरवर बसवून. आपली जुनी पद्धत तिला शिकवलीय. मागे बसणाऱ्याने नुसतं बसायचं नाही, मागचा रस्ता बघायचा आणि गाडी आली की सांगायचं. मोठी आली. छोटी आली. मोकळा. तुझ्या मागे बसून मी गावभर कशी बोंबलायचे आठवतं ना, भोंगा नाव उगीच नाही ठेवलंस. तीही तशीच. पायडलवर माझा पाय आणि मागे तिचे डोळे, असं आमचं छान जमलं होतं.

तर गेल्या शुक्रवारी शाळेच्या गल्लीत वळायला रस्ता ओलांडत होते. हात दाखवला. मागून चिंगीचा काही आवाज नाही, म्हणजे मोकळा असेल म्हणून वळले. आणि मागून बस. ड्रायव्हरनेही हॉर्न दिला नाही. ब्रेक मात्र लावला देवाच्या कृपेने, नाहीतर हे पत्र लिहायला मी नसते. आम्ही दोघी बाजूला पडलो. मला खरचटलं, ती हातावर पडली.

घरी सगळ्यांनी विचारलं, कसं झालं. मी झालं ते सांगितलं. म्हटलं, तिने सांगितलंच नाही. दुसरं काय सांगणार? ती म्हणते, मी ओरडले होते. मुलं घाबरली की असं म्हणतातच. सूनबाई तिला खूप बोलली, लक्ष कुठे असतं तुझं म्हणून. मला वाईट वाटलं, पण लक्ष हवंच, या रस्त्यावर चूक म्हणजे जिवाशी खेळ.

आता सगळे मिळून माझी सायकल बंद करायच्या मागे लागलेत. रस्ता बिघडवला त्यांनी, बस आणल्या त्यांनी, आणि सायकल सोडायची मी! तू एक पत्र मुलाला लिही. तुझं तो ऐकतो.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
भोंगा


रविवार, २२ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. मुलाला चार ओळी लिही म्हटलं होतं, तर तू मलाच लिहिल्यास. ‘तुझ्या एवढ्या लांबलचक पत्रात कशालाच आवाज नाही. फोनला नाही, घंटीला नाही, बसला नाही, सूनबाईला नाही आणि पोरीलाही नाही. सगळ्यांचे आवाज एकदम कसे गेले ग?’

इतका संताप आला मला तुझा. पत्राचा बोळा केला आणि कचऱ्यात टाकला. लांब बसून शहाणपण शिकवायला काय जातं? तू ये इथे, चालव सायकल, मग बोल. दोन दिवस मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. काचा घासताना भांडले, भाजी चिरताना भांडले. एकाही भांडणात मी जिंकले नाही.

मग १२ तारखेला, गुरुवारी, काय झालं ते ऐक. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. तिथून बाल्कनी समोर दिसते. चिंगी कठड्याशी उभी होती, पाठमोरी, गळ्यात तो प्लास्टरचा हात. मला वाटलं, बघतेय रस्ता. तेवढ्यात आतल्या खोलीतून सूनबाई दोन्ही हात कानांवर ठेवून धावत गेली आणि तिने चिंगीला खांद्याला धरून वळवलं. पोरीचं तोंड लाल, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर ती जीव काढून ओरडत होती, दादा, आणि मला वाटत होतं ती गप्प उभी आहे.

मी हात पिठाचेच घेऊन गेले. सूनबाई विचारत होती, अगं सगळी बिल्डिंग गोळा करायचीय का? चिंगी म्हणाली, “मी सराव करतेय. त्या दिवशी मी हळू ओरडले असेन. आजीला ऐकू यायला हवं ना.”

हे मला ऐकू आलं, कारण ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली. तोंडाकडे बघितलं की मला बरंच कळतं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. घरात मी नेहमी उजेडाकडे पाठ करून बसते, समोरच्याचं तोंड दिसावं म्हणून. गिऱ्हाईक काउंटरला आलं की आधी ओठांकडे बघते. सायकलवर तेवढंच जमत नाही. मागे बसणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत.

तर आता लिहिते. मला ऐकू येत नाही, दादा. आज-काल नाही, बऱ्याच दिवसांपासून. बारीक आवाज आधी गेले. घंटी गेली, फोन गेला, मग पोरीचा आवाज. ती त्या दिवशी ओरडली होती. ती ओरडली असणार हे मला पडल्या पडल्याच कळलं होतं, तिचं तोंड उघडं होतं म्हणून. तरी मी घरी येऊन सांगितलं की तिने सांगितलंच नाही. ती एवढीशी, हाड मोडलेलं, आणि वरून माझ्यासाठी बोलणी खाल्ली. पुढे मलाच ऐकू यावं म्हणून आवाज वाढवत होती. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्या रात्री जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. मुलगा म्हणाला, आम्हाला कधीपासून वाटत होतं, तुला सांगायचं कोणी? खरंच आहे. मी सांगू दिलं असतं का?

चिंगीला मात्र मी वेगळं जवळ घेऊन सांगितलं. म्हटलं, तुझं काही चुकलं नाही, तू बरोबर ओरडलीस, माझा कानच गेलाय. मला वाटलं, पोर गळ्यात पडेल. तिने माझा हात काढला.

“मग तू सगळ्यांना तसं का सांगितलंस?”

म्हटलं, मला भीती वाटली, माझी सायकल जाईल. खरं तेच होतं. ती उठून गेली आणि तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बोलत नाही म्हणजे खरंच बोलत नाही, यावेळी दोष माझ्या कानाचा नाही.

दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे गेले. वयाचं थोडं आणि चक्कीचं बरंच, म्हणाले. मशीन लावा म्हणाले, तर मी लगेच म्हटलं, नुसतं रस्त्यावर जाताना लावीन. माझ्याच तोंडून त्या चष्मेवाल्या गृहस्थांचं वाक्य निघालेलं ऐकून मी मुकाट्याने कान पुढे केले. सध्या वापरून बघायला दिलंय. दोन्ही कानांत.

आणि काय सांगू तुला, ऐकू येऊन मी वैतागून गेलेय. केवढा हा गोंगाट! मला वाटायचं कोणी हॉर्न देत नाही. अरे, सगळे देतात, सारखे देतात, सिग्नल लाल असताना देतात. भांडी आदळतात, लिफ्ट किंचाळते, सूनबाई पुटपुटत नाही, चांगली खणखणीत बोलते. माझ्या चक्कीपाशी मी मशीन काढून ठेवते, नाहीतर वेड लागेल. मालकांची मी माफी मागितली. आणि रस्ता? तो तसाच आहे. हिरव्या पट्ट्यावरची टपरी तशीच, वाळू तशीच, वॉचमनचा हात तसाच आडवा. माझे कान सुधारले म्हणून शहर सुधारत नाही. हे मी तुला मुद्दाम लिहितेय, कारण ‘सगळं तुझ्याच कानात होतं’ असं तू म्हणशील. सगळं नव्हतं. पण बस येतेय हे पोरीने सांगितलं होतं, तेवढं मात्र माझ्या कानाचंच होतं.

घरात ठरलं की चिंगीला आता मुलगा गाडीने सोडेल. मी हो म्हटलं. मला वाद घालायला तोंड नाही. सायकल मात्र सोडली नाही, दुकानात एकटी जाते. कॅरिअर रिकामं. मागचा रस्ता मान वळवून आपणच बघायचा, या वयात मान दुखते.

काल शनिवारी सकाळी निघाले. रोज मी निघताना चिंगी बाल्कनीत येऊन उभी राहते. बोलत नाही, पण येते. मी फाटकाबाहेर सायकल काढली, एक पाय पायडलवर ठेवला, आणि वरून आवाज आला.

“मोठी आली.”

ओरडली नाही. साध्या आवाजात म्हणाली, घरात पाणी मागावं तसं. मी जागच्या जागी ब्रेक दाबले, पाय खाली टेकवला, मागे बघितलं.

काही नव्हतं. लांबपर्यंत रस्ता रिकामा. शनिवारची सकाळ, कचेऱ्या बंद, एक कुत्रं सोडलं तर कोणी नाही. वर बघितलं. ती कठड्यावरून माझ्याकडे बघत होती. हसली नाही. आपल्या डॉक्टरांनी कानात यंत्र घालून तपासलं, तिने तिच्या पद्धतीने तपासलं. मी तशीच पाय टेकून उभी राहिले. निघायचं कसं? तिने अजून सांगितलं नव्हतं.

बराच वेळ तिने मला तशीच उभी ठेवली. मला रडू येत होतं आणि फाटकाशी आलेला दूधवाला बघत होता. मग ती म्हणाली, “मोकळा,” आणि आत निघून गेली.

मी निघाले.

पत्र मिळालं की फोन कर, दादा. उचलेन.

तुझी,
भोंगा