आजीच्या नावाची अळंबी

५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांचा खोकला गेला, कुरकुर तेवढी उरली आहे. कामाचं लिहायला हात धजत नाही, पण बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

ओंडक्यांवर उगवणारी तुझी अळंबी दिसायला साध्या अळंबीसारखीच. पण दोघींची जोडी जमत नाही, म्हणून तू तिला वेगळी जात ठरवलीस आणि आजीचं नाव दिलंस. आम्ही या जाती पुन्हा तपासतोय. प्रयोगशाळेतल्या तुझ्या नळीतली बुरशी मी साध्या बुरशीशेजारी प्लेटमध्ये लावली. जोडी जमली की धाग्यांच्या सांध्यावर बारीक कड्या येतात, हे तूच मला शिकवलंस. आत्या, प्रत्येक प्लेटमध्ये कड्या आहेत. म्हणजे जात एकच. आमचे सर हे छापायचं म्हणतात, आणि छापलं की आजीचं नाव गेलं. मला जेवण गोड लागत नाहीये.

लोभ या पत्रानंतरही ठेव.
तुझी बबडी

१२ मार्च

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबाची कुरकुर जन्मापासूनची आहे, तिला औषध नाही. पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच वाटलं. पुन्हा वाचलं तेव्हा हसू आलं. अगं, तिथल्या माझ्या साऱ्या नळ्या अळंबीच्या गराच्या तुकड्यापासून वाढवलेल्या आहेत. त्या बुरशीची जोडी आधीच जमलेली असते, कड्या तिच्या स्वतःच्याच. लग्न झालेल्या मुलीला स्थळ दाखवलंस, आणि ती संसारी दिसते म्हणून लग्न जमलं असं कळवतेस.

एकेका बीजाणूपासून वाढव. एकट्या बीजाणूच्या धाग्यावर कडी नसते. माझ्या परसातल्या ओंडक्यावर ती अजून उगवते, टोपीखाली कागद ठेवून बीजाणू पाडलेत, सोबत पाठवते आहे. सरांना म्हणावं जरा दम धरा. माझ्या आईचं नाव आहे ते.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी आत्या

२० मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

माझी चांगलीच फजिती झाली. बीजाणूंपासून वाढवल्यावर साधीशी एकही जोडी जमली नाही. डीएनएसुद्धा वेगळा निघाला. सर चक्क सॉरी म्हणाले, मी घरभर नाचले.

पण मग सरांनी दुसऱ्या संस्थेतून एक तिसरी जात मागवली. तिला तुझ्या कितीतरी आधी नाव मिळालंय, फक्त तुझ्या वेळी तिची जिवंत बुरशी कुणाकडेच नव्हती. तीही बीजाणूंपासूनच वाढवली. तिच्याशी तुझ्या अळंबीच्या जोड्या भराभर जमल्या, आणि डीएनएही जुळला. नियमाने जुनंच नाव राहतं. साधीपेक्षा वेगळी हे तुझं निदान खरं ठरलं, तरी आजीचं नाव जातंय. तुला जड जात असेल तर लेखातला नाव रद्द करण्याचा भाग मी लिहितो, असं सर मला म्हणालेत. काय करू?

तुझ्या मायेच्या भरवशावर लिहिलंय.
तुझी बबडी

६ जून

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. रडले, खोटं कशाला बोलू. आईला शाळा मिळाली नाही, निदान तिचं नाव पुस्तकात यावं एवढी हौस होती. तू पाठवलेले प्लेटचे फोटो भिंगाखाली धरून पाहिले. कड्या स्वच्छ आहेत. तिथे मी असते तर मीही हेच ठरवलं असतं.

तो भाग सरांना लिहू देऊ नकोस, तू लिही. आईचं नाव मी घरातून बाहेर दिलं होतं, ते परत आणायला घरचंच माणूस जाऊ दे.

माया आहे, ती मागावी लागणार नाही.
तुझी आत्या